शेवटचं हुर्र्या

माझाच आवाज पाठीमागून आला आणि मी वळून बघितलं. आता सांगा, असं कुणी वळतं का? आपला आवाज आपल्या तोंडातून यायचा, तो रिक्षातून कशाला येईल? पण आला. गंगावेशीतला संध्याकाळचा दूध कट्टा, आमची चांदणी म्हैस मधोमध उभी, आमचे हे पेला घेऊन तिच्या कासेशी उकिडवे बसलेले, मी बादलीत पेले विसळतेय, आणि गडमुडशिंगीचं एक पावणं पांढरीशुभ्र पँट घालून धारोष्ण दुधाची वाट बघत उभं. तेवढ्यात रिक्षा गेली. सीटच्या पाठीमागं हे एवढे दोन स्पीकर. त्यातून आधी नुसतंच ढुब्-ढुब्, ढुब्-ढुब्, पोटात कुणी बुक्क्या माराव्या तसं, आणि त्यावर सतरा वर्षांची एक पोरगी पलीकडच्या डोंगराला ऐकू जाईल अशी ओरडली, “आऽऽव गं आऽऽव!” ती पोरगी म्हणजे मी. हातातला पेला बादलीत पडला. चांदणीनं कान टवकारले आणि ह्यांनी सडाला हात लावायच्या आधीच तिचं दूध गळायला लागलं. ती रिक्षाच्या दिशेला गर्रकन वळली, ह्यांच्या हातातला, त्या गळतीनंच भरत आलेला पेला उडाला आणि पावण्याच्या पँटीवर गेला. “अवो, म्हस हाय का फुटका नळ!” पावणं ओरडलं. ह्यांचं लक्षच नव्हतं. रिक्षा गेली तिकडं तोंड करून हे तसेच उकिडवे, डोळे मिटलेले, देवळात आरतीला बसल्यासारखे. “ऐकलंस?” मला म्हणाले. “तीच ती. किटलीवाली.” रिक्षा केव्हाच लांब गेली तरी चांदणी जागची हलेना. ह्यांनी ओढली, पाठीवर थापटली, शेवटी शिव्या दिल्या. मग मी तिच्या कानाशी जाऊन हळूच एक शब्द पुटपुटले तेव्हा ती गुमान घराकडं चालायला लागली. “माझी शिवी बरोबर लागती तिला,” हे म्हणाले.

किटलीवाली ही माझी सवत. सव्वीस वर्षं ती माझ्या संसारात आहे, आणि ती मीच आहे. हे जरा नीट सांगायला पाहिजे, नाहीतर म्हणाल झुंबरबाईचं डोकं फिरलं. माझं माहेर राधानगरीच्या वर. तिथं घर ह्या डोंगराला आणि म्हशी त्या डोंगराला, मधे ओढा, आणि धुकं असं की स्वतःचा हात दिसायची मारामार. म्हशीला बोलवायचं ते नुसत्या आवाजावर. माझी आई धोंडुबाई हिची हाक दोन तुकड्यांची होती. आधी ‘आऽऽव गं आऽऽव’, म्हणजे ये, उभी राहा, पान्हा सोड. आणि धार काढून झाली की शेवटी एकच ‘हुर्र्या!’, म्हणजे झालं, सुट आता. ते हुर्र्या कानावर पडल्याशिवाय आमची म्हैस पाऊल उचलायची नाही. शहात्तर साली मी कोल्हापुरात मावशीकडं आले, मॅट्रिकला बसायला. नापास झाले, पण बसले होते. मावशी एका फिल्म स्टुडिओत चहाला दूध घालायची. एक दिवस मावशीची म्हैस आमच्या मागोमाग स्टुडिओच्या आवारात शिरली आणि कुठल्याशा लग्नाच्या सीनसाठी लावलेलं खरं आंब्याच्या पानांचं तोरण खायला लागली. माणसं काठ्या घेऊन धावली तशी ती बिथरली. मी जीव खाऊन ओरडले. आत गाणं रेकॉर्ड करत होते आणि उकाड्यामुळं दार उघडं टाकलेलं. मुंबईचा संगीतकार हेडफोन गळ्यात तसाच घेऊन बाहेर आला, “कोण ओरडलं?” मी घाबरून म्हशीकडं बोट दाखवलं. पण त्याला कळलं. मला आत नेऊन माईकपुढं उभं केलं. एक केसाळ माणूस जाड तारांची गिटार अंगठ्यानं बडवत होता, ढुब्-ढुब्, ढुब्-ढुब्, आणि म्हणत होता की ह्याला फंक म्हणतात, ह्यात अशीच हाक पाहिजे. गाण्याचं नाव ‘हिंदकळली किटली’. मी चारदा ओरडले आणि चौथ्या वेळी म्हैस दार ढकलून आत आली, मग त्यांनी पुरे म्हटलं. मला एक थंड संत्र्याची बाटली दिली. पिक्चर पुढं डब्यात गेला, तबकडी मात्र निघाली. पाकिटावर सगळ्यांची नावं, आणि शेवटी ‘आणि इतर’. ते इतर म्हणजे मी. मावशीनं मला अंबाबाईची शपथ घातली, “कुठं बोललीस तर बघ. शिनेमात वरडल्याली पोरगी कोण पदरात घील?”

दुसऱ्या वर्षी पदरात घेतली ती ह्यांनी. नाव घ्यायचं तर हंबीरराव. सासरे पिराजी म्हणजे तालमीतला माणूस, मिशीला तूप लावणारा. उंबरा ओलांडला त्याच दिवशी म्हणाले, “सुनेचा आवाज दाराभाईर गेला न्हाय पायजे.” नाही गेला. धारेला बसले की मी म्हशीच्या कानात कुजबुजत आव म्हणायचे, आणि काम झालं की कुजबुजत हुर्र्या. घरातल्या साऱ्या म्हशी त्या कुजबुजीवर वाढल्या, ही चांदणी तर रेडकू असल्यापासून. कट्ट्यावर जायच्या आधी मी कानात काहीतरी म्हणते हे ह्यांना ठाऊक होतं, पण ह्यांना वाटायचं बायका देवाचं काहीतरी म्हणतात, आणि दूध उतरतं ते आपल्या हाताच्या गुणानं. वाटू दे. गड्यांना काहीबाही वाटत असतं. लग्नाला महिना झाला असेल, एका दुपारी सासरे तालमीत गेल्याचं बघून ह्यांनी मला वैरणीच्या खोलीत बोलावलं. मी आपली लाजत गेले. ह्यांनी कडब्यात हात घालून पिशवीत गुंडाळलेली एक तबकडी काढली. घरात वाजवायचं यंत्र नव्हतं. चौकातल्या हॉटेलात ती लागायची म्हणून हे तिथं सहा-सहा कप चहा ढोसून यायचे, आणि हौस म्हणून एक विकत घेऊन ठेवलेली. बोट लावून मला दाखवायला लागले, “ही रेघ बघ. हितं ती हाक मारती. आन् ही शेवटची, हितं हुर्र्या म्हणती. काटा येतो अंगावर.” मी विचारलं, “कोण?” “ठावं न्हाय. नाव दिल्यालं न्हाय भडव्यांनी. बाई असावी तर अशी. न्हायतर तू. मांजरागत बोलतीस.”

तेव्हा सांगता आलं असतं. शपथ गेली खड्ड्यात, तोंड उघडलं होतं मी. पण ह्यांचा चेहरा बघितला. कडब्याच्या त्या अंधाऱ्या खोलीत ह्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड होता की मी आधी कधी बघितला नव्हता, मी आले तेव्हा तर नाहीच. मनात आलं, आता सांगितलं तर हे माझ्याकडं बघतील. पुढचा एक दात जरा आडवा, कोपरापर्यंत शेण, रंग म्हशीला जवळचा. आणि तो उजेड जाईल. जाताना मला दिसेल. ती बाई ह्यांच्या डोक्यात कशी होती कोण जाणे, गोरी असणार, नऊवारीत असणार, किटली घेऊन कमरेवर हात ठेवून उभी असणार. तिला मारून मी तिच्या जागी उभी राहिले असते आणि ह्यांना दोघीही मिळाल्या नसत्या. म्हणून मी एवढंच म्हणाले, “आवाज बरा हाय.” ह्यांना राग आला. “बरा? तुला काय कळतंय!” मग मलाही राग आला, आणि तो टिकला. आमटी खारट झाली की किटलीवाली. मी हळू बोलले की किटलीवाली. आमच्या पोराच्या, अमरसिंहाच्या बारशाला हॉटेलवाल्याचं यंत्र आणून हेच गाणं लावलं, आणि पाळण्याशी बसून मी स्वतःवर जळत होते. एकदा तापात हे बरळले तेही ‘आव गं’. मी कपाळावर ओली पट्टी ठेवत म्हटलं, झुर मेल्या, झुर. पुढं सासरे वारले. आवाज दाराबाहेर जाऊ नये म्हणणारं कुणी राहिलं नाही. पण तोपर्यंत मोठ्यानं कसं बोलतात तेच मी विसरून गेले होते.

तर आता ह्या दोन हजार तीन सालात पुण्याचा कुठला ‘तडका फाईव्ह’ नावाचा डान्स ग्रुप, तीन पोरं, दोन पोरी, सगळ्यांच्या चकचकीत पँटी एकाच ताग्यातल्या. त्यांनी ती जुनी तबकडी शोधली, खालचा ठेका दुप्पट केला, वर माझी हाक बसवली आणि ती एकदा नाही, दोनदा नाही, अडतीस वेळा. मी मोजली. आव गं आव, आव गं आव, आव आव आव आव. श्वास घ्यायलासुद्धा थांबू देत नाहीत मला. गणपतीला तेच, लग्नाला तेच, पिठाच्या गिरणीत तेच. भाजीवाली कोथिंबीर जुडीतून सोडवताना मान हलवायची ती माझ्यावर. मी समोर उभी राहून घासाघीस करायचे आणि ती एका हातानं मला गप्प करायची, “थांबा वो आक्का, हाक येती आता.” एका संध्याकाळी टीव्हीवर त्या ग्रुपची मुलाखत लागली. अमरसिंहानं आवाज मोठा केला. त्यातला केस उभे केलेला पोरगा म्हणाला की मूळ गाणं फंक होतं, त्याचा आत्मा आम्ही ठेवलाय, आणि ती जी हाक आहे ती आम्ही कॉम्प्युटरवर तयार केली. माझ्या हातातली भाकरी तव्याबाहेर गेली. मी कॉम्प्युटर! पण माझ्याआधी हे उठले. “कॉम्प्युटर? आरं बाई हाय ती, बाई! काळीज हाय त्या आवाजाला!” टीव्हीपुढं मूठ नाचवून म्हणाले, “आन् शेवटचं हुर्र्या कुठं घातलंस रं? ते का कापलंस?” अमरसिंह म्हणाला, “आबा, हुर्र्या आलं की गाणं संपतंय. नाचायला गाणं संपून कसं चालंल?” “म्हंजे बाईला नुसतं बोलवत ठेवायचं आन् जाऊ द्यायचं न्हाय व्हय?” असं म्हणून हे न जेवताच अंगणात जाऊन बसले. अख्ख्या कोल्हापुरात ते हुर्र्या गेल्याचं दुःख झालेला हा एकच माणूस. मी ताट झाकून ठेवलं आणि कितीतरी वेळ तव्याकडं बघत राहिले.

चांदणीला झालेलं दुखणं हेच होतं. आव ऐकलं की ती उभी राहायची, पान्हा सोडायची आणि हुर्र्याची वाट बघत बसायची, ते यायचंच नाही. भर रस्त्यात, वाजत्या रिक्षामागं, एकदा तर एका वरातीत नवरा-नवरीच्या मधोमध. ढोरांचा डॉक्टर आला, सुई टोचून गेला. ह्यांनी तिच्या गळ्यात लिंबू-मिरची बांधली, ती तिनं खाल्ली. दुखणं मला ठाऊक, औषध मला ठाऊक, आणि मी गप्प. इकडं दिवाळी पाडवा तोंडावर. पाडव्याला पेठेत म्हशी सजवून निघतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, पायात घुंगरं, आणि मालक सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलवर पुढं, म्हैस त्या आवाजामागं पळत. कुणी हात लावायचा नाही, काठी दाखवायची नाही. म्हैस मालकाच्या मागं आली तर मालक माणूस, नाही आली तर वर्षभर कट्ट्यावर तोंड दाखवायला जागा नाही. सहा वर्षं चांदणी ह्यांच्या राजदूतमागं सरळ रेषेत धावून पहिली आली होती. ह्या माणसानं आयुष्यात दुसरं काही मिळवलं नाही, मिळवायचंही नव्हतं. सांगावं का, सांगावं का, असं करत मी आधी एकटीनं बघावं म्हणून कळंब्याच्या तलावावर गेले. चादरी धुवायच्या निमित्तानं. आजूबाजूला कुणी नाही बघून पदर खोचला, छाती भरून घेतली आणि ओरडले. जे बाहेर आलं ते ऐकून मलाच दचकायला झालं. जाड, चिरका, मधेच फाटलेला. पलीकडच्या काठावरून एक बाई काळजीनं ओरडली, “काय गं, पाय घसरला काय?” मी चादरी पिळल्या आणि घरी आले. त्या पोरीचा गळा माझ्याकडं उरलेला नव्हता. आता तर सांगून सिद्धही करता आलं नसतं.

पाडव्याला दुपारपासून रस्ता फुलून गेलेला. ह्यांनी नवा फेटा बांधला, चांदणीची शिंगं स्वतः लाल रंगवली, बोटं तशीच लाल. मी बायकांच्या गर्दीत कडेला. राजदूत फडफडली, चांदणी निघाली, घुंगरं छम्-छम्, आणि सगळं नीट चाललं होतं. म्हटलं, देवीनं लाज राखली. तेवढ्यात चौकात मंडळाच्या डॉल्बीवाल्यानं गाणं लावलं. ढुब्-ढुब्. मी डोळे मिटून घेतले. “आऽऽव गं आऽऽव!” उघडले तर हे पुढं निघून गेलेले, मागं बघायची पद्धत नाही म्हणून ताठ मानेनं, आणि चांदणी डॉल्बीच्या ट्रकसमोर उभी, दूध रस्त्यावर गळतंय. लोक फिदीफिदी हसायला लागले. मागच्या म्हशी अडकल्या, मोटरसायकली अडकल्या. पलीकडच्या गल्लीतला कृष्णात, ज्याची म्हैस गेली सहा वर्षं दुसरी येते, तो शिट्टी मारून म्हणाला, “हंबीरराव, म्हस तुमची का ट्रकवाल्याची?” तेव्हा हे वळले. उतरून आले. “चांदणे, ए चांदणे,” हाका मारल्या, मग शिव्या दिल्या, नेहमीच्या, लागू पडणाऱ्या. ती ढिम्म. डॉल्बीवाल्याला वाटलं मजा आहे, त्यानं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग मी बघितलं की ह्यांनी त्याच्यापुढं हात जोडले. कुणापुढं न वाकणारा माणूस, लाल बोटांचे हात जोडून उभा, फेटा एका बाजूला घसरलेला. चांदणीच्या कानापर्यंत मला जाता येत नव्हतं, मधे दोनशे माणसं. कुजबुजून भागणार नव्हतं. गेली किटलीवाली, गेला उजेड, म्हटलं, माझा नवरा रस्त्यात हात जोडून उभा राहणार नाही. मी ओरडले.

“आऽऽव गं आऽऽव!” तोच तळ्यावरचा आवाज, जाड नि फाटका, पण सव्वीस वर्षं साठलेला. शेजारची बाई घाबरून लांब झाली. ट्रकवरून ती सतरा वर्षांची ओरडत होती आणि खालून मी. चांदणीचा एक कान तिकडं, एक कान माझ्याकडं. मी पुन्हा ओरडले. डॉल्बीवाला माझ्याकडं बघत राहिला, मग स्पीकरकडं, आणि त्यानं बटण बंद केलं. चांदणी वळली. माणसं बाजूला होत गेली आणि ती रंगवलेली शिंगं सांभाळत, कुणाला न लावता, सरळ माझ्यापाशी आली, तोंड माझ्या छातीला लावलं आणि उभी राहिली. अमरसिंह कुठूनसा म्हणाला, “आई? तू?” कुणीतरी म्हणालं, “आयला, गाण्यातली बाई!” मला त्यातलं काही ऐकायचं नव्हतं. मी फक्त ह्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. उजेड जायची वाट बघत होते. नजर हलवली नाही, म्हटलं एकदाचं बघून घेऊ.

हे आले. माझ्यासमोर थांबले. पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, बाजारात म्हैस बघतात तसं, आणि मग तोंडाशी येऊन त्यांची नजर थांबली, त्या आडव्या दातापाशी. चांदणी आमच्या दोघांच्या मधे, हलायचं नाव नाही. मग हे बोलले. हा माणूस हळू बोलू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

“शेवटचं ऱ्हायलं की.”

“काय?”

“शेवटचं. हुर्र्या.” एवढं म्हणून ह्यांनी डोळे मिटले, हॉटेलात बसून मिटत असतील तसे.

मी दोन्ही हात कमरेवर ठेवले. का ठेवले ते माहीत नाही. कपाळापासून टाचेपर्यंत जेवढा म्हणून आवाज होता तेवढा गोळा केला आणि म्हटलं, “हुर्र्या!” आणि चांदणी सुटली. घुंगरं वाजवत, मोरपीस उडवत, कृष्णातच्या हातातला हार तोंडात घेऊन, पुढं मोटरसायकल नाही, मालक नाही, एकटी सगळा रस्ता धावत गेली. लोक टाळ्या पिटत होते, शिट्ट्या मारत होते. हे तसेच उभे. डोळ्यांच्या कडांना पाणी, आणि चेहऱ्यावरचा उजेड होता तिथंच होता. मग एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं.

“आवाज बरा हाय,” म्हणाले.